मायक्रोइलेक्ट्रोड म्हणजे काय? चेतापेशींचं ऐकणारी आणि त्यांच्याशी बोलणारी तार

शाळेच्या रांगेत, शहर बसमध्ये किंवा लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही असं एखादं मूल पाहिलं असेल: कानामागे छोटं यंत्र, त्यातून निघालेली बारीक वायर आणि केसांमध्ये डोक्याला चिकटलेली गोल चकती. बहुतेकांना ते श्रवणयंत्र वाटतं. खरं तर ते कॉक्लिअर इम्प्लांट असतं. चकतीच्या बरोबर खाली, कातडीच्या आत, एक इलेक्ट्रॉनिक रिसीव्हर बसवलेला असतो. त्यातून निघालेली इलेक्ट्रोडची माळ आतल्या कानापर्यंत गेलेली असते. ती माळ ऐकण्याच्या चेतातंतूंना विजेचे छोटे पल्स देते आणि मूल ऐकतं.

'ब्रेन चिप' म्हटलं की रील्समध्ये फक्त न्यूरालिंक दिसतं. पण २०२२ पर्यंत जगभरात दहा लाखांहून जास्त कॉक्लिअर इम्प्लांट बसवले गेले होते. मेंदूच्या आत बारीक सुया बसवून घेतलेली माणसं त्या तुलनेत फारच थोडी आहेत. दोन्हींमागचं तत्त्व मात्र एकच आहे. ते तत्त्व काय, ते वापरताना नेमकं कुठे अडतं आणि नागपुरातल्या एखाद्या घराला त्याचा उपयोग कसा होतो, ते या लेखात बघू.

थोडक्यात

- चेतापेशी (न्यूरॉन) विजेच्या छोट्या पल्समधून एकमेकींशी बोलतात. मायक्रोइलेक्ट्रोड म्हणजे त्या पेशींच्या अगदी जवळ नेलेलं धातूचं बारीक टोक.
- त्याची कामं दोन: पेशींचे सिग्नल टिपणं (रेकॉर्डिंग) आणि पेशींना सिग्नल देणं (स्टिम्युलेशन).
- सगळ्यात कठीण भाग चिपचा नाही. ओल्या, मऊ, हलत्या शरीरात धातू वर्षानुवर्षं टिकवणं हा आहे.
- जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते. उशीर झाला तर तेच यंत्र कमी काम करतं.

चेतापेशी 'बोलते' म्हणजे काय करते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. पेशीचा मुख्य भाग साधारण १० ते ३० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान. शांत असताना पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेसा इशारा मिळाला की पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि एखाद्या मिलिसेकंदापुरता व्होल्टेज उलटा होतो. या उसळीला अ‍ॅक्शन पोटेन्शियल म्हणतात. संशोधकांच्या रोजच्या बोलण्यात तो 'स्पाइक' असतो.

एका पेशीचे सगळे स्पाइक जवळपास सारख्याच उंचीचे असतात. पेशी मोठ्याने किंवा हळू बोलत नाही. ती किती वेळा आणि कधी स्पाइक देते, त्यात माहिती असते. स्पाइक कसा तयार होतो याचं गणित अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याचा जाडजूड चेतातंतू वापरला होता. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गच्चीवरून ऐकायचं की चौकात उतरायचं?

समजा, संध्याकाळच्या गर्दीत प्रताप नगर चौकात काय बोलणं चाललंय ते तुम्हाला ऐकायचं आहे. तीन पर्याय आहेत.

पहिला: लांबच्या इमारतीच्या गच्चीवर बसा. गलका कळेल, गर्दी वाढली की कमी झाली तेही कळेल, पण शब्द कळणार नाहीत. ईईजी तपासणी अशीच असते. डोक्याच्या कातडीवर इलेक्ट्रोड लावतात आणि कवटीच्या पलीकडून लाखो पेशींचा एकत्रित आवाज मिळतो. फिट येणाऱ्या रुग्णाच्या तपासणीत याचा खूप उपयोग होतो आणि यात कुठेही चिरफाड नसते.

दुसरा: चौकाला लागून असलेल्या बाल्कनीत या. आता कोणत्या कोपऱ्यात काय चाललंय ते समजतं. कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवतात ती ही पद्धत, ईकॉग.

तिसरा: खाली उतरून थेट पानठेल्यापाशी उभं राहा. आता एकेका माणसाचा आवाज वेगळा ऐकू येतो. मायक्रोइलेक्ट्रोड म्हणजे हे. त्याचं टोक पेशीपासून साधारण १०० मायक्रोमीटरच्या आत आलं, तर त्या एका पेशीचा स्पाइक ओळखता येतो. पण त्यासाठी आत शिरावं लागतं आणि एका ठेल्यापाशी उभं राहून सगळ्या नागपूरचं बोलणं ऐकू येत नाही. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, 'मन वाचणाऱ्या चिप'च्या बातम्या तपासताना उपयोगी पडेल.

मायक्रोइलेक्ट्रोड दिसतो कसा?

सुरुवातीचे मायक्रोइलेक्ट्रोड म्हणजे एकेकटी सुई होती. डेव्हिड ह्युबेल यांनी १९५७ मध्ये टंगस्टनची तार टोकदार करून, टोक सोडून बाकी सगळीकडे इन्सुलेशन देऊन असा इलेक्ट्रोड बनवला. पुढे टॉर्स्टन वीझेल यांच्यासोबत त्यांनी मेंदूचा दृष्टीचा भाग कसा काम करतो ते शोधलं. १९८१ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

आज मुख्य प्रकार असे आहेत:

- युटा अ‍ॅरे: अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांच्या गटाने बनवलेली ही चौकोनी पट्टी सुमारे ४ मिलिमीटर बाय ४ मिलिमीटरची असते. तिच्यावर सिलिकॉनच्या १० गुणिले १० सुया असतात, प्रत्येकी एक-दीड मिलिमीटर लांब. माणसांवरचे बरेचसे गाजलेले प्रयोग हिच्यावर झाले आहेत.
- सिलिकॉन प्रोब: मोबाइलची चिप ज्या फोटोलिथोग्राफीने बनते तिनेच बनवलेली पातळ पट्टी, जिच्या लांबीवर अनेक इलेक्ट्रोड असतात. २०१७ मध्ये आलेल्या न्यूरोपिक्सेल्स प्रोबवर सुमारे एक सेंटिमीटर लांबीत ९६० जागा आहेत. त्यांपैकी एका वेळी ३८४ जागांवरून रेकॉर्डिंग करता येतं.
- लवचिक धागे: न्यूरालिंकच्या इम्प्लांटमध्ये पॉलिमरचे ६४ धागे आणि त्यांवर एकूण १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. धागे इतके मऊ की हाताने टोचता येत नाहीत, म्हणून रोबो लागतो.
- बशीतली जाळी: काचेच्या बशीच्या तळाशी इलेक्ट्रोडची जाळी बसवून वर जिवंत पेशी वाढवतात. औषधांचा पेशींवर होणारा परिणाम तपासायला ही पद्धत वापरतात. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने अशा बशीतल्या सुमारे आठ लाख पेशींना 'पाँग' हा जुना व्हिडिओ गेम खेळायला शिकवल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

सगळ्या प्रकारांत एक ओढाताण असते. टोक जितकं लहान, तितकी नेमकी पेशी ऐकू येते. पण लहान टोकाचा विद्युत अडथळा (इम्पिडन्स) जास्त असतो, म्हणजे नॉइज वाढतो आणि त्यातून देता येणारी वीजही कमी होते. यावर तोडगा म्हणून टोकावर इरिडियम ऑक्साइड किंवा पेडॉट नावाच्या विद्युतवाहक पॉलिमरचा खडबडीत थर देतात. अनारशाला जाळी पडते तसं समजा: बाहेरून आकार तेवढाच, पण आतला पृष्ठभाग कितीतरी जास्त.

ऐकणं: स्पाइकपासून स्क्रीनपर्यंत

पेशीच्या बाहेर टिपलेला स्पाइक साधारण १०० मायक्रोव्होल्टचा असतो. तुमच्या मोबाइलची बॅटरी सुमारे ४ व्होल्टची. म्हणजे हा सिग्नल तिच्या ४० हजाराव्या हिश्श्याएवढा. घरातल्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणसुद्धा त्याला गिळून टाकते. म्हणून पुढच्या पायऱ्या लागतात:

1. अ‍ॅम्प्लिफायर इलेक्ट्रोडच्या शक्य तितक्या जवळ ठेवून सिग्नल मोठा करतात.
2. फिल्टर लावून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा भाग बाजूला काढतात. स्पाइक वेगवान असल्यामुळे तो त्याच्या वर राहतो.
3. सिग्नलचं डिजिटल आकड्यांत रूपांतर करतात, सेकंदाला सुमारे ३०,००० वेळा.
4. एका इलेक्ट्रोडला दोन-तीन पेशी ऐकू येत असतील तर स्पाइकच्या आकारावरून त्या वेगळ्या करतात. याला स्पाइक सॉर्टिंग म्हणतात. आवाजावरून माणूस ओळखावा तसं हे काम आहे.

यात डेटा किती होतो? १०० इलेक्ट्रोड, सेकंदाला ३०,००० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटचा. गुणाकार करा: सेकंदाला ६० लाख बाइट, म्हणजे ६ एमबी. दिवसाचा दीड जीबीचा पॅक साधारण चार मिनिटांत संपेल. म्हणून वायरलेस इम्प्लांटमध्ये सगळा सिग्नल बाहेर पाठवत नाहीत. स्पाइक आला की नाही, एवढंच आतल्या आत ओळखून तेवढीच माहिती पाठवतात. शिवाय चिप तापली तर भोवतालचा मेंदूही तापतो. डिझायनर साधारण एका अंशाच्या आत वाढ ठेवायचा प्रयत्न करतात. फोन गरम झाला तर आपण बाजूला ठेवतो, इथे ती सोय नाही.

बोलणं: पेशीला पल्स देणं

उलट दिशेने जायचं असेल तर इलेक्ट्रोडमधून छोटा विद्युतप्रवाह सोडतात. पेशीच्या बाहेर क्षणभर ऋण पल्स दिला की आवरणातली दारं उघडतात आणि पेशी स्वतःच स्पाइक देते. मेंदूच्या आतल्या मायक्रोइलेक्ट्रोडसाठी हा प्रवाह काही मायक्रोअँपियर ते १०० मायक्रोअँपियर असतो आणि पल्स सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागाएवढा.

खरी मेख पुढे आहे. शाळेत पाण्यात दोन तारा सोडून केलेला विद्युत अपघटनाचा प्रयोग आठवतो? तारांवर बुडबुडे येतात, कारण पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होतं. शरीरातलं द्रव तर खारट पाणीच. एकाच दिशेने वीज देत राहिलो तर तेच आत होईल: बुडबुडे, आम्लता, झिजणारा धातू आणि भाजलेल्या पेशी. म्हणून प्रत्येक पल्सच्या मागोमाग तेवढाच उलटा पल्स देतात. जेवढी वीज दिली तेवढी लगेच परत घ्यायची, हिशोब दर वेळी शून्यावर. याला चार्ज बॅलन्स म्हणतात. चांगल्या इम्प्लांटमध्ये यासाठी सर्किटपासूनच काळजी घेतलेली असते.

याच कारणासाठी एक इशारा: इंटरनेटवर ९ व्होल्टची बॅटरी आणि ओले स्पंज डोक्याला लावून 'मेमरी वाढवा' असे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. तिथे ना हिशोब शून्यावर आणणारं सर्किट आहे, ना वीज कुठे जाते ते बघणारं कोणी.

दोन्ही कामं एकत्र: कॉक्लिअर इम्प्लांट

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया असते. उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर लांब. तिच्यात आवाजाचं विजेत रूपांतर करणाऱ्या सुमारे ३,५०० मुख्य केसपेशी असतात आणि त्यांच्यापासून सुमारे ३०,००० चेतातंतू मेंदूकडे जातात. केसपेशी नसतील किंवा खराब झाल्या तर आवाज कितीही मोठा केला तरी पुढे काही पोचत नाही. पण चेतातंतू शाबूत असतील तर त्यांना सरळ वीज देता येते.

कॉक्लियाची रचना पेटीच्या पट्ट्यांसारखी आहे. तोंडाशी तार स्वर, आत वळत गेलात की खर्ज. बाहेरचा प्रोसेसर आवाज घेऊन तो वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागतो, रेडिओलहरींनी कातडीपलीकडे माहिती आणि ऊर्जा दोन्ही पाठवतो आणि आतली माळ योग्य जागी पल्स देते. माळेवर इलेक्ट्रोड असतात कंपनीनुसार साधारण १२ ते २२. काटेकोर बोलायचं तर हे 'मायक्रो' म्हणण्याइतके बारीक नसतात, पण तत्त्व आणि अडचणी त्याच. १२-२२ बोटांनी ३०,००० तंतूंची पेटी वाजवायची, तीही जाड हातमोजे घालून, कारण वीज द्रवात पसरते. त्यामुळे शांत खोलीतलं बोलणं चांगलं समजतं, पण गोंगाटातलं बोलणं आणि संगीत अवघड जातं.

यात ऐकण्याचं कामही आहे. तेच इलेक्ट्रोड पल्स दिल्यावर क्षणभर थांबून चेतातंतूंचं उत्तर टिपतात. लहान मूल 'मला ऐकू आलं' असं सांगू शकत नाही, तेव्हा ऑडिओलॉजिस्ट या उत्तरावरून प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी ठरवायला सुरुवात करतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात. मग वारंवार पातळ्या जुळवाव्या लागतात, त्याला मॅपिंग म्हणतात.

आता वेळेचा मुद्दा. ऐकायला मेंदूही शिकावा लागतो आणि तो लहानपणी वेगाने शिकतो. अनु शर्मा यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांत मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद वयानुरूप होतो. सात वर्षांनंतर मिळालेल्या बहुतेक मुलांत तो तसा होत नाही. यंत्र तेच, इलेक्ट्रोड तेच, फरक फक्त वयाचा. 'मुलगा आहे, उशिरा बोलेल' म्हणून वाट बघण्याची किंमत इथे मोजावी लागते.

ऑपरेशन थिएटरमधला मायक्रोइलेक्ट्रोड

पार्किन्सन्समध्ये हाताचा कंप, ताठरपणा येतो. काही रुग्णांत औषधं पुरेनाशी झाली की डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस) करतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या आधुनिक पद्धतीची सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हे काम उभं केलं.

लक्ष्य असतं सबथॅलॅमिक न्यूक्लिअस, मेंदूच्या खोल भागातला वाटाण्याएवढा पुंजका. स्कॅनवरून जागा ठरते, पण मिलिमीटरचीही चूक चालत नाही. म्हणून अनेक ठिकाणी आधी मायक्रोइलेक्ट्रोड आत सरकवतात, थोडं थोडं करत. सिग्नल स्पीकरवर लावलेला असतो. लक्ष्यात शिरलं की आवाज बदलतो: तव्यावर फुटाणे तडतडावेत तसा दाट तडतडाट. बऱ्याचदा रुग्ण जागा असतो, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही आणि कंप कमी झाला का ते तिथेच बघता येतं. जागा पक्की झाली की मायक्रोइलेक्ट्रोड काढून कायमचा, १.२७ मिलिमीटर जाडीचा इलेक्ट्रोड बसवतात. तो छातीतल्या बॅटरीवर, सेकंदाला सुमारे १३० पल्स देत चालतो. यातून पार्किन्सन्स बरा होत नाही, लक्षणं आटोक्यात राहतात.

न्यूरालिंक आणि इतर: आज गाडी कुठे आहे?

- २००४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रयोगात मानेखाली लुळ्या झालेल्या मॅट नेगल यांना युटा अ‍ॅरे बसवला. फक्त हात हलवण्याच्या इराद्याने त्यांनी स्क्रीनवरचा कर्सर हलवला.
- २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या गटाने उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या स्पर्शाच्या भागाला पल्स देऊन लकवा झालेल्या माणसाला आपल्या बोटांना स्पर्श झाल्याची जाणीव करून दिली.
- २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मनात हाताने लिहिण्याची कल्पना करणाऱ्या माणसाकडून मिनिटाला ९० अक्षरं टाइप करून घेतली. २०२३ मध्ये बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतून मिनिटाला ६२ शब्द मिळवले, पण सव्वा लाख शब्दांच्या संग्रहात चारातला जवळपास एक शब्द चुकत होता.
- जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकचं पहिलं इम्प्लांट नोलंड आर्बो यांना बसवलं. ते कर्सर चालवू लागले, पण काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून काम सावरलं.

खरी अडचण: मऊ मेंदू, कडक सुई

मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ. सिलिकॉन त्याच्यापेक्षा कोट्यवधी पट कडक. दर श्वासाला, दर ठोक्याला मेंदू किंचित हलतो आणि सुई जागेवरच राहते. दह्यात सुई रोवून वाटी हलवत राहिलात तर सुईभोवती काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. शरीराला ही सुई म्हणजे घुसखोर. काही आठवड्यांत तिच्याभोवती आधारपेशींचा थर जमतो, चेतापेशी लांब जातात आणि आवाज अस्पष्ट होतो. शिवाय खारट द्रव इन्सुलेशनच्या बारीक फटीतून आत शिरतं. पावसात भिजलेल्या फोनचं जे होतं ते इथे वर्षानुवर्षं हळूहळू होत असतं.

म्हणून जगभरातलं संशोधन आता मऊ पदार्थ, पातळ धागे आणि टिकाऊ पॅकिंग याकडे वळलं आहे. नुसती इलेक्ट्रोडची संख्या बघून इम्प्लांट चांगलं की वाईट ठरत नाही. ते पाच-दहा वर्षांनी किती ऐकतं, हे विचारा.

इम्प्लांट आयुष्यभराचं, आणि कंपनी?

सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने 'आर्गस टू' नावाचं कृत्रिम दृष्टिपटल बनवलं होतं, डोळ्यात ६० इलेक्ट्रोड. ते जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांना बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर आली आणि वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत असं यंत्र राहिलं ज्याची दुरुस्ती करणारं कोणी नव्हतं.

फोनचं सॉफ्टवेअर अपडेट बंद झालं तर आपण फोन बदलतो. शरीरातलं यंत्र असं बदलता येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत हा प्रश्न अगदी घरगुती आहे: आतला भाग दीर्घकाळ चालतो, पण बाहेरचा प्रोसेसर, वायर, बॅटऱ्या बदलाव्या लागतात. घर ठरवताना शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत हे नक्की विचारा: वॉरंटी किती वर्षांची? सुटे भाग नागपुरात मिळतात का? मॅपिंगला किती वेळा आणि कुठे जावं लागेल? स्पीच थेरपी घराजवळ आहे का?

नागपुरात आणि महाराष्ट्रात काय करता येईल?

तपासणी: बाळ जन्मल्यावर ओएई ही काही मिनिटांची, न दुखणारी चाचणी होते. शंका आली तर बेरा चाचणी. तिच्यात डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने श्रवणचेतेचा प्रतिसाद टिपतात, म्हणजे तीही रेकॉर्डिंगच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर इथून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात आणि ऐकू न येणं हा त्यांच्या यादीतला विषय आहे.

खर्च: केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे. तेव्हा प्रति मूल ६ लाख रुपयांची मर्यादा ठरली होती. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था यासाठी मुख्य संस्था आहे. वय, उत्पन्न आणि कागदपत्रांचे निकष बदलत असतात, म्हणून अर्जाआधी संस्थेकडून किंवा मेडिकलच्या कान-नाक-घसा विभागातून ताजी माहिती घ्या.

मेंदूचे आजार: प्रताप नगरहून जवळच, बजाज नगरात, सीआयआयएमएस ही मेंदू आणि चेतासंस्थेच्या आजारांसाठीची संस्था आहे. कंप, फिट अशा तक्रारींसाठी आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा. इम्प्लांटची गरज फार थोड्यांना पडते.

शिक्षण: या क्षेत्रात यायचं तर फक्त डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. इलेक्ट्रॉनिक्स, चिप डिझाइन, धातुशास्त्र, सॉफ्टवेअर, ऑडिओलॉजी सगळ्यांची गरज आहे. व्हीएनआयटी तर तुमच्या शेजारीच आहे. आयआयटी मुंबईतून १९७४ मध्ये इंजिनिअर झालेले नितीश ठाकोर पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात न्यूरोइंजिनिअरिंगचे प्राध्यापक झाले. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने कृत्रिम हाताला स्पर्श आणि टोचल्याची जाणीव देणारी इलेक्ट्रॉनिक त्वचा दाखवली. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये सुप्रतिम रे यांची प्रयोगशाळा मायक्रोइलेक्ट्रोड अ‍ॅरे वापरून दृष्टीचा अभ्यास करते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोइलेक्ट्रोडने मनातले विचार वाचता येतात का?
नाही. सुया ज्या छोट्या भागात आहेत तिथलेच सिग्नल मिळतात, उदाहरणार्थ हात हलवण्याचा इरादा. तोही वापरणाऱ्याने तासन्‌तास सराव करून संगणकाला शिकवावा लागतो.

ऑनलाइन मिळणारा ईईजी हेडबँड म्हणजे हेच का?
नाही, तो गच्चीवरून ऐकणारा. त्यात सुई नाही आणि एकेक पेशीही ऐकू येत नाही.

श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांत फरक काय?
श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, ऐकायचं काम कानच करतो. इम्प्लांट खराब केसपेशींना वगळून चेतातंतूंना थेट पल्स देतं. साधारणपणे आधी श्रवणयंत्र वापरून बघतात.

इम्प्लांट असताना एमआरआय चालतो का?
आत चुंबक असतो, त्यामुळे मॉडेल बघून ठरवावं लागतं. इम्प्लांटचं कार्ड नेहमी सोबत ठेवा आणि कोणत्याही स्कॅनआधी दाखवा.

इम्प्लांट हॅक होऊ शकतं का?
वायरलेस यंत्राला हा धोका असतोच. २००८ मध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत हृदयाच्या एका इम्प्लांटशी असा अनधिकृत संपर्क साधून दाखवला होता. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीच्या संरक्षणासाठी राज्यघटनेत बदल केला. भारतात वैयक्तिक डेटासाठी २०२३ चा कायदा आहे.

इम्प्लांट नको असेल किंवा वय निघून गेलं असेल तर?
भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. मुलाला कोणती तरी भाषा लवकर आणि भरपूर मिळणं महत्त्वाचं. इम्प्लांटसाठी थांबलेल्या मुलालाही खुणांची भाषा शिकवायला हरकत नाही.

घरातल्या बाळाला ऐकू येतं की नाही, कसं ओळखू?
मागून टाळी वाजवून बघणं पुरेसं नाही, कारण बाळ हवेचा झोत किंवा सावली पाहूनही वळतं. मोठ्या आवाजाला दचकत नसेल, वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, तर मोबाइलवर शोधत बसू नका. त्याच आठवड्यात ओएई आणि बेरा करून घ्या.